नळ किती, माणसं किती

पंप निवडण्यासाठी माझी नऊ प्रश्नांची यादी होती. इमारत किती मजली, फ्लॅट किती, प्रत्येक फ्लॅटमध्ये न्हाणीघरं किती, एकूण नळ किती, टाकी गच्चीवर की जमिनीत, पाइप लोखंडी की प्लास्टिकचे, किती इंची, वीज एक फेजची की तीन, आणि पंप ठेवायला जागा किती. गिऱ्हाइकाने उत्तरं दिली की मी कॅल्क्युलेटर ओढायची आणि त्याचा चहा निवायच्या आत पंपाचा आणि प्रेशर टँकचा आकार सांगायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कुवेतमधल्या एका पंपांच्या दुकानात लागले तेव्हा पंप अंदाजाने विकले जात. "मोठा घ्या, मोठा बरा," एवढंच शास्त्र होतं. माझ्या यादीने ते बंद केलं. त्याचा मला अभिमान होता. थोडा अजूनही आहे.

दुकानात पंप बसवणारे फिटर चार होते. त्यांतले सगळ्यात जुने सिंधुदुर्गातले, पन्नाशीला आलेले. त्यांना सगळे काका म्हणत, आमचे लेबनॉनचे मॅनेजरसुद्धा. काका मला 'बाय' म्हणत. मी पुण्याची, नवऱ्याच्या हॉस्पिटलातल्या नोकरीमुळे इथे आलेली, हवल्लीत फ्लॅट, दोन मुलं. काका फरवानियात एका खोलीत सात जणांबरोबर राहत. गावी त्यांनी घर काढलं होतं. चिऱ्याच्या भिंती उभ्या झाल्या होत्या, छप्पर बाकी होतं. "अजून एक कंत्राट मारलंय की कौलां चढली," असं ते दर महिन्याला एकदा तरी म्हणत. त्या भिंतींवर तीन पावसाळे पडून गेले होते.

फरवानियातल्या एका चार मजली इमारतीचं काम आलं. मालकाने माहिती फोनवर दिली. बारा फ्लॅट, प्रत्येकी दोन न्हाणीघरं, गच्चीवर टाकी. मी हिशेब केला. घरातले सगळे नळ एकदम कधीच उघडत नाहीत. म्हणून एकूण नळांच्या काही हिश्श्याइतकंच पाणी धरायचं, हा पुस्तकी नियम. मध्यम पंप, छोटा प्रेशर टँक. कागद काकांच्या हातात दिला, तर ते काउंटरला रेलून तो बराच वेळ बघत राहिले.

"बाय, ही बिल्डिंग बॅचलरांची आसा."

"मग? नळ तेवढेच ना?"

"नळ मोजून काय होतला? माणसां मोजूक होयी. एकेका खोलीत आठ-दहा आसत. सगळ्यांची बस पावणेपाचाक. चार वाजता सगळे एकदम उठतत."

"सगळे एकदम कशाला आंघोळ करतील? काही जण संध्याकाळी करत असतील."

काका हसले. "संध्याकाळी टाकीतला पाणी अंगार घेवन बघा एकदा. जिवंत कोंबो टाकलात तर शिजान भायर येतलो. ता पाणी निवता तां पहाटेक. तुमच्याकडे मालक एसी लावता टाकयेक?"

बाकीचे फिटर हसले. मला ते झोंबलं. खरं तर उन्हाळ्यात आमच्या घरीही गीझर बंद ठेवून त्याच्यातलंच निवलेलं पाणी आम्ही गार म्हणून वापरायचो. म्हणजे मला ठाऊक होतं. पण यादीत तो प्रश्न नव्हता.

"दोन पंप लावा," काका म्हणाले, "एक दमलो की दुसरो. आणि टँक मोठो."

"मालकाने मंजुरी दिली आहे, काका. आता बदललं तर म्हणेल, हिला येत नाही."

हे मी बोलले, शब्दन्‌शब्द आठवतं. काकांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

प्रेशर टँकचं काम साधं असतं. आत रबराची पिशवी, तिच्यात पाणी. बाहेरून हवा दाबून भरलेली. कुणी जरासा नळ उघडला तर हवा पिशवी दाबते, टँक पाणी देतो आणि मोटर आराम करते. टँक लहान असला की मोटरला आराम नाही. ती सुरू होते, बंद होते, पुन्हा सुरू होते. जूनमध्ये त्या इमारतीतली मोटर जळाली.

माणसं कामावर असताना काका मला तिथे घेऊन गेले. इमारतीच्या राखणदाराने गच्चीवरची पंपाची खोली उघडली. काकांनी टँकमधलं पाणी पूर्ण काढलं, मग हवेचं मीटर लावून मला काटा दाखवला. "हवा बघा. मी भरलेली तितकीच आसा." काटा बरोबर होता. बाकी जोडणीही बरोबर होती. मी स्वतः पाहिलं.

परत येऊन फॉर्म भरायचा होता. तक्रारीचा फॉर्म माझाच, मीच बनवलेला. त्यात कारणाखाली तीन चौकोन होते: चुकीची निवड, चुकीची जोडणी, विजेचा दोष. मॅनेजरने त्याच आठवड्यात मला सगळ्या निवडीची प्रमुख करायचं बोलून दाखवलं होतं. मी पेन दुसऱ्या चौकोनावर नेलं आणि खूण केली. मनात म्हटलं, एवढ्याने काय होतंय, काका इतके जुने, त्यांना कोण काय म्हणणार आहे.

फॉर्मवर फिटरची सही लागायची. फॉर्म इंग्रजीत होता. काका हात पुसत आले.

"खंय करू सही?"

"इथे."

"काय लिवलां हा?"

"मोटर जळल्याचा फॉर्म आहे. याच्याशिवाय गोदामातून नवी मोटर सुटत नाही."

यात खोटं काही नव्हतं. काकांनी वाकून देवनागरीत पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि म्हणाले, "आता तरी मोठो टँक द्या गे बाय."

नवी मोटर बसली आणि चौथ्या दिवशी राखणदाराचा फोन आला, वरच्या मजल्यावर पाणी नाही. शुक्रवारच्या सुट्टीनंतरच्या सकाळी मी नवऱ्याला पहाटे उठवलं आणि गाडीने फरवानियाला गेले. त्या वेळी त्या इमारतीत बाईने वर जाण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही रस्त्यापलीकडे थांबलो. पावणेपाचला बस लागली आणि दारातून माणसं येऊ लागली. ओले केस, हातात डबे. काहींच्या मानेवर साबण वाळलेला होता. पाणी मध्येच गेलं असणार. मी मोजू लागले, सवयच ती. ऐंशीच्या पुढे सोडून दिलं. नवरा म्हणाला, "तू बारा फ्लॅट म्हणाली होतीस ना?"

त्या आठवड्यात मी नवा आराखडा केला: दोन पंप, मोठा टँक, खालून गच्चीच्या टाकीत पाणी चढवणारा वेगळा पंपही बदलला. मालकाला सांगितलं की वापर वाढला आहे. तो तयार झाला. मी प्रमुख झाले. फॉर्म मात्र फाइलमधून काढला नाही. काढायला दोन मिनिटं लागली असती. किल्ली माझ्याच खणात होती.

दोन महिन्यांनी काकांचं कंत्राट संपत आलं तेव्हा मॅनेजरने फाइल मागवली. मी समोरच बसले होते. त्यांनी फॉर्म काढून बघितला. "म्हातारा चुका करायला लागला," ते म्हणाले. "सहीसुद्धा आहे. मान्य केलं आहे त्याने." माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "त्यांचं काम तसं चांगलं आहे." 'तसं' हा शब्द मी का घातला ते मला आजही सांगता येत नाही. कंत्राट वाढलं नाही.

काका निरोपाला आले तेव्हा दुकानात गर्दी होती. "म्हातारो झालंय म्हणतत," ते हसत म्हणाले. "बरां झालां. आता आंघोळीक पाणी तापवून घेऊक होया, हय फुकट तापलेला मिळा." मी मुलांसाठी आणलेला चॉकलेटचा डबा त्यांच्या पिशवीत घातला.

त्यानंतर माझ्या यादीत दहा प्रश्न झाले. नवा प्रश्न मी पहिला टाकला: माणसं किती, आणि उठतात किती वाजता? ती यादी दुकानात भिंतीवर लागली. नवीन येणाऱ्या मुलांना मॅनेजर सांगत, "हा पहिला प्रश्न बघा. हे पुस्तकात मिळत नाही." मी मान डोलवायची.

सात-आठ वर्षांनी गावोगाव मोबाइल पोचले आणि दुकानातल्या एका कोकणातल्या फिटरकडून मला काकांचा नंबर मिळाला. मी कागदावर पाच मुद्दे लिहिले. एक, फॉर्म. दोन, घराचं छप्पर. तीन, तब्येत. चार, काही हवं का. पाच, त्यांच्या बायकोला नमस्कार. मग नंबर लावला.

"कोण? बाय? अगो, कुवेतसून? बिल किती येतला तुमका!"

"छप्पर झालं का, काका?" मी दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात केली.

"झाला, झाला. कौलां नाय, पत्रे घातले. पाऊस लागलो की बायलेचा बोलणा आयकाक येणा नाय, तां एक बरां."

मागून त्यांची बायको काहीतरी म्हणाली आणि दोघं हसली. मी तिला नमस्कार सांगितला, तब्येत विचारली, काही हवं का विचारलं. काही नको होतं. मग तेच म्हणाले, "त्या फरवानियाच्या बिल्डिंगीतलो पंप चलता मा?"

"चालतो. दोन आहेत आता, आलटून पालटून. टँकही मोठा."

"मी सांगललंय!" ते खूश होऊन म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं."

पुढे बोलायला तोंड उघडलं होतं. पण ते म्हणाले, "ठेवा आता, बिल वाढता," आणि त्यांनीच फोन ठेवला. मी कागदावर दोन ते पाचपर्यंत खुणा केल्या. तो नंबर माझ्याकडे अजून आहे.