सील केलेला मोबाईल

भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली ती घटना मी आजवर कुणाला सांगितली नाही. पण विसरलोही नाही.

मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एक वयस्कर धनगर तक्रार घेऊन आले. त्यांचं बँक खातं साफ झालं होतं. "जनावरांच्या डाक्टरचा वार सांगणारं ॲप घेतलं, आन् पैसं गेलं. खालच्या वाडीतल्या बाईनं केलंय ते. लई हुशार हाय." दोन दिवसांत अशाच आणखी तीन तक्रारी आल्या.

बाईंना बोलावलं. चाळिशीतल्या, पदवीधर. घरच्या शेळ्या सांभाळत ते ॲप त्यांनी एकटीनं बनवलं होतं. कुठल्या वाडीवर लसीकरण कधी, जनावर चारा सोडून बसलं तर काय करायचं, असं सगळं त्यात होतं.

"साहेब, माझ्या ॲपची कुणीतरी नक्कल केलीय."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो. पंच बोलावून त्यांचा मोबाईल जप्त केला.

तेव्हा मात्र त्या उठल्या. "ॲप स्टोअरनं फसवणुकीची नोटीस मलाच धाडलीय. सात दिवसांत उत्तर द्यायचंय, नाहीतर खातं बंद. आणि त्या खात्यात शिरायचा कोड याच मोबाईलवर येतो. पंचांसमोर पाच मिनिटं द्या, साहेब."

"पंचनामा झालाय. आता कोर्टात मागा."

खरं तर सीलची लाख अजून गरम होती.

नवव्या दिवशी आमच्या महिला हवालदारांनी धनगरबाबांचा फोन नीट पाहिला. ॲपचं नाव तेच, चित्र तेच, बनवणारा वेगळाच. जाहिरात देऊन त्यानं आपलं ॲप यादीत सगळ्यात वर आणलं होतं.

"बाबा, खालचं का नाही बघितलं?" हवालदारांनी विचारलं.

"पुढं मांडलेलंच उचलणार की मानूस. बाजारात तुमी काय गोण्या उपसता व्हय?"

परराज्यातली टोळी सापडली. मला शाबासकी मिळाली. तोवर मुदत संपून बाईंचं स्टोअरवरचं खातं कायमचं बंद झालं होतं. मोबाईल न्यायला आल्या तेव्हा त्यांनी स्टोअरकडे केलेले अर्ज दाखवले. प्रत्येकाला एकच ठरावीक उत्तर आलेलं.

"तिथं ऐकायला माणूसच नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "इथं तुम्ही तरी होता."

मी त्यांच्यापुढे पोचपावतीचं रजिस्टर सरकवलं. सही कुठं करायची तेवढं सांगितलं.

नंतरच्या नोकरीत कुठलीही वस्तू जप्त करण्याआधी मी समोरच्याला विचारायचो, "यात तुमचं काय अडकतंय?" दोन मिनिटं लागतात. त्या बाईंना मी हे विचारलं नव्हतं, म्हणून मला कळलं नाही, अशी मनाची समजूत घालता आली असती. पण त्यांनी ते न विचारताच सांगितलं होतं.