उकळलेल्या पाण्याची बाटली

विद्यापीठाच्या मागच्या भिंतीला लागून आमची गल्ली आहे. नवरा क्रांती चौकाजवळ स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला, आणि मी घरी मेस चालवते. तेव्हा दोन्ही वेळा मिळून तीसेक मुलं-मुली जेवायला यायची. शेजारी आपा राहतात, माहेर खुलताबादचं. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या खोल्या विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेल्या. आम्हा दोघींचंही घर विद्यापीठाच्या जिवावर चालायचं, पण भांडण निघालं की आम्ही गल्लीच्या बाजूनं बोलायचो.

भांडणं सारखीच निघायची. मुलांच्या मोटरसायकली दारात आडव्या, वाढदिवस असला की रस्त्यात फटाके. शेवटी पुरुषांनी गल्लीच्या तोंडाशी साखळी बांधली. आठवडाभरात विद्यापीठानं मागचं लहान फाटक बंद केलं. त्या फाटकातून आम्ही बायका सकाळी आत फिरायला जायचो. त्यानंतर गल्लीतला कुणी हॉस्टेलच्या मुलाला पाणीसुद्धा विचारीना.

अशात कावीळ आली.

पहिल्यांदा आपाच्या वरच्या खोलीतला एक मुलगा पडला. मग माझ्याकडे जेवणारी फर्दापूरची मुलगी. ती एम.एस्सी.ला होती, परीक्षा तोंडावर. दोन दिवस जेवली नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "काकू, वासच नको वाटतोय." उन्हात नेऊन डोळे पाहिले, हळदीसारखे पिवळे. त्याच आठवड्यात आणखी चार जण पडले. त्यातले दोघं माझ्याच पंगतीतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीसेक मुलं दारात उभी राहिली. रोज माझ्या हातच्या पोळ्या खाणारी तोंडं त्यात होती. एकानं विचारलं, "काकू, टाकी कधी धुतली होती?"

"दिवाळीत," मी म्हणाले.

खरं तर दिवाळीत राहूनच गेली होती. आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी यायचा. भरलेला हौद उपसून टाकायला जीव होत नाही. दिवाळीला म्हटलं संक्रांतीला बघू, आणि संक्रांतही गेली.

गल्लीतले लोक बाहेर आले. एक जण ओरडला, "तुमच्याच हॉस्टेलची घाण आहे ती! आमच्या बाईला काय विचारता?" मुलं पुढं सरकली, आमची माणसंही सरकली. माझ्या दाराच्या दोन्ही बाजूंना माणसं आणि मधे मी, हातात पिठाची परात. तेवढ्यात विद्यापीठातल्या एक प्राध्यापक बाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्या पाणी तपासण्याचं शिकवायच्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "प्रत्येक घरातलं पाणी तपासू. मग ज्याला जे बोलायचं ते बोला," एवढंच म्हणाल्या.

गल्लीनं तेही सरळ होऊ दिलं नाही. विद्यापीठाचं कुणी आमच्या घरात पाऊल टाकायचं नाही, असं पुरुषांनी ठरवलं. तेव्हा बाईंनी निर्जंतुक केलेल्या बाटल्या दारोदार ठेवल्या. नळ आला की थेट नळाचं पाणी भरून द्यायचं, वर घराचा नंबर लिहायचा. "विश्वासावर सोडते," त्या म्हणाल्या.

नळ तिसऱ्या दिवशी पहाटे आला. मी बाटली घेऊन नळापाशी बसले. पाणी दिसायला स्वच्छ होतं. पण दिसण्यावर काय असतं? खराब निघालं तर मेस बंद, आणि जेवणाऱ्या मुलांना मी आजारी पाडलं हे कायमचं कपाळी. शेगडीवर आदल्या रात्री उकळून गार केलेलं पाणी झाकून ठेवलेलं होतं. मी उठले, बाटली त्यात बुडवली, झाकण घट्ट लावलं आणि नंबर लिहिला. अक्षर नीट, सरळ आलं. ते मला अजून आठवतं.

निकाल आला. माझं पाणी चांगलं. आपाचं वाईट. बाकी घरांनी बाटल्या दिल्याच नव्हत्या. माझा आणि आपाचा नळ एकाच लाईनवरचा. त्यामुळं बाईंनी साहजिक निष्कर्ष काढला की लाईन ठीक आहे, आपानं चुकून हौदातलं भरलं असावं आणि दोष त्या हौदात असावा. त्यांनी आपाला हौद रिकामा करायला सांगितलं. तरीही त्या थोड्या बुचकळ्यात होत्या. मला म्हणाल्या, "थेट नळाचंच भरलं होतं ना?"

"व्हय," मी म्हणाले.

मुलं माझ्या दारात परत आली. माफी मागून गेली, संध्याकाळी जेवायलाही बसली. आणि पलीकडं आपाच्या खोल्या दोन दिवसांत रिकाम्या झाल्या. कुणीतरी त्यांच्या फाटकावर कोळशानं "विषाचं घर" असं लिहिलं. आपा ते ओल्या फडक्यानं पुसत होत्या तेव्हा मी अंगणात होते. त्या वळून म्हणाल्या, "ताई, हौद मी दोन महिन्यांमागं धुतला. तुम्हीच होत्या ना मदतीला? मग माझंच पानी कसं खराब?"

होते मी. बादल्या उपसायला होते. मी म्हणाले, "काय सांगता येतं, आपा," आणि घरात आले. भाकरी थापायला बसले, तर पीठ हाताला चिकटून राहिलं, गोळाच होईना.

आठवडा असा गेला. मी घरातलं सगळं पाणी उकळायला लागले, नवरा विचारायचा गॅस एवढा का जळतोय. मी त्यालाही काही बोलले नव्हते. रस्त्यात बाई दिसल्या की मी घरात शिरायचे.

मग फर्दापूरच्या मुलीचे वडील तिला न्यायला आले. अजिंठ्याच्या रस्त्यावर त्यांचं चहाचं दुकान. आधी फोनवर ते मला लई वाईट बोलले होते, आणि मी ऐकून घेतलं होतं. आता ते दारात चपला काढून उभे. बाहेर रिक्षात मुलगी मान टाकून बसलेली. त्यांनी हात जोडले.

"ताई, मी फोनवर नाय नाय ते बोललो. पोरगी म्हणते, काकूंनी मला घरच्यावानी सांभाळलं. चुकलं माझं."

"अहो, असू द्या," मी म्हणाले.

"तुमचं काय नाय. पण त्या शेजारच्या बाईला मी सोडत नाय. पोलिसात जातो आता. माझ्या पोरीचं वर्ष गेलं."

ते आपाच्या फाटकाकडं वळले. आपाच्या घरात त्या वेळी त्या एकट्याच होत्या. मी अनवाणी पळत गेले आणि त्यांच्यापुढं उभी राहिले.

"दादा, थांबा. माझ्या बाटलीत नळाचं पाणी नव्हतं. उकळलेलं भरलं होतं मी."

त्यांना समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. आवाज ऐकून आपा दारात आल्या होत्या, त्यांना मात्र पहिल्याच वेळी समजलं. ते वडील माझ्याकडं इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं हात उचलतील. उचलला असता तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "आणि मी तुमच्या पुढं हात जोडले." मग रिक्षात बसले आणि निघून गेले.

मी तशीच विद्यापीठात गेले, पुढच्या दरवाज्यानं, लांबून. बाईंच्या खोलीत दोन विद्यार्थी बसलेले होते. त्यांच्यासमोरच सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमच्या एका बाटलीमुळं मी पाइपलाइन तपासायचीच थांबवली," त्या म्हणाल्या. "आठ दिवस. या आठ दिवसांत आणखी तीन मुलं ॲडमिट झालीत." मग उठल्या. "चला. आता मी स्वतः भरणार. आणि गल्लीत मला कुणी अडवलं तर बोलायचं तुम्ही."

अडवलंच. साखळीपाशी दोघं-तिघं उभे राहिले. मी सगळ्यांसमोर तिसऱ्यांदा तेच सांगितलं, न धुतलेल्या टाकीचंही. एक जण थुंकला आणि बाजूला झाला. बाईंनी पुढच्या नळाच्या दिवशी सहा घरांतून पाणी घेतलं. सहाही घरांचं वाईट निघालं.

खोदलं तेव्हा लाईनचा जोड सापडला, भिंतीलगतच्या नाल्यात, सडलेला. आणि नाल्यात साचलेलं पाणी हॉस्टेलच्या तुंबलेल्या ड्रेनेजच्या चेंबरमधून येत होतं. ते चेंबर तुंबल्याची तक्रार मुलांनी केली होती, आम्हीही केली होती, वेगवेगळी, एकमेकांना न सांगता. विद्यापीठाचे देखभालीचे साहेब आधी म्हणाले की चेंबरचा काही संबंध नाही. तेव्हा खड्ड्याच्या एका काठावर मुलं होती, दुसऱ्या काठावर आमची गल्ली. आमच्यातले एक आजोबा म्हणाले, "साहेब, उतरून बघता का?" आणि पलीकडून एक मुलगा म्हणाला, "मी धरतो हात, उतरा." साहेब उतरले नाहीत, पण संध्याकाळपर्यंत गाडी आली आणि चेंबर उपसलं गेलं.

माझी मेस पाच महिने बंद राहिली. मुलांनी गोंधळ घातला नाही. ती यायचीच थांबली. त्यांच्यातला एक जण, तीन वर्षं माझ्याकडं जेवलेला, भाजीच्या गाड्यावर भेटला आणि म्हणाला, "काकू, टाकी धुतली नाही हे चाललं असतं. खोटं बोललात ते नाही." मी भाजी न घेताच परत आले.

बाईंनी मग दर महिन्याला एका वर्गात बैठक घ्यायला सुरुवात केली. गल्लीतली चार माणसं, हॉस्टेलमधली चार, देखभालीचे एक. पहिल्या बैठकीला त्यांनी मला बोलावलं तेव्हा मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुम्हाला नको वाटतंय, म्हणूनच या." पहिल्या दोन बैठका नुसत्या आरडाओरड्यात गेल्या. तिसऱ्या बैठकीत मोटरसायकली लावायची जागा ठरली, चौथ्यात मागचं फाटक सकाळी दोन तास उघडायचं ठरलं. साखळी कुणी काढली ते मला माहीत नाही, एक दिवस दिसली नाही. भांडणं अजून होतात. पण आता ती वर्गात बसून होतात, आणि पाण्याचा निकाल फाटकावर लावला जातो, सगळ्यांना दिसेल असा.

फर्दापूरच्या मुलीनं पुढच्या वर्षी परीक्षा दिली, पास झाली. ती जेवायला दुसरीकडं जायची. रस्त्यात भेटली की हसायची, थांबायची नाही.

आपाच्या खोल्या वर्षभरानं भरल्या. त्या माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं; पूर्वीसारखं भिंतीवरून तास-तास नाही. गेल्या ईदला त्या स्वतः शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन दारात आल्या.

"बसा ना, आपा," मी म्हणाले.

"नक्को, अजून चार घरं राहिलीत," त्या म्हणाल्या.

चार घरं खरंच राहिली होती. मी दारातूनच पाहिलं, त्यांच्या हातातल्या परातीत आणखी चार वाडगे होते.