चाळीसचा गुणक

दुकान उघडून चष्मेवाले काका वही चाळत बसले आणि त्यांना आपलीच चूक दिसली.

बावीस वर्षं बुद्धिबळ क्लबातल्या खेळाडूंचं रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, तेच काढत होते. पद्धत तोंडपाठ. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून कुणाला किती गुण मिळायला हवेत ते ठरवायचं. दोनशेने वरचढ असलेल्याने डावामागे साधारण पाऊण गुण मिळवलाच पाहिजे. मिळालेल्या गुणांतून अपेक्षित वजा करायचे, उरेल त्याला गुणकाने गुणायचं आणि जुन्या रेटिंगमध्ये मिळवायचं. नवख्याची खरी ताकद कळायची असते, म्हणून त्याचा गुणक चाळीस. तीस डाव झाले की वीस.

क्लबातच खेळणाऱ्या त्यांच्या मेव्हण्याचे तीस डाव गेल्या स्पर्धेआधीच पुरे झाले होते. काकांनी मात्र चाळीसनेच गुणलं होतं! वाढायला हवे होते चव्वेचाळीस, वाढले अठ्ठ्याऐंशी. १७२४ चे १७६८ व्हायच्या ऐवजी १८१२ झाले, रेटिंगवरून निवडलेल्या क्लबच्या संघातली शेवटची जागा मेव्हण्याला गेली आणि १७९० वाली शिवणकाम करणारी बाई बाहेर राहिली. संघ परवा स्पर्धेला निघणार होता.

बायकोच्या भावासाठी मुद्दाम केलं, असंच लोक म्हणणार. एका गिऱ्हाइकाच्या हातात काकांनी दुसऱ्याचाच चष्मा ठेवला. वही कुणीच तपासत नाही, गप्प राहिलं तर कुणाला कळणार? हे मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

दुपारी बायकोने विचारलं, "अहो, चेहरा का असा पांढराफटक?"

त्यांनी सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तो तुमचं तोंड बघणार नाही. पण सांगा."

संध्याकाळी क्लबात सगळ्यांसमोर त्यांनी आकडे वाचून दाखवले. चूक आपलीच, हेही सांगितलं.

"भाऊजी, घरच्या माणसाचीच शोभा केलीत!" मेव्हण्याने खुर्ची मागे ढकलली आणि तरातरा निघून गेला.

संघात नाव आलं तरी शिवणवाली बाई हसली नाही. "काका, ही एक चूक सापडली," ती शांतपणे म्हणाली. "मागच्या बावीस वर्षांचं काय?"

तिचं काहीच चुकत नव्हतं. काकांनी कपाटातून सगळ्या वह्या काढल्या आणि सर्वांत जुनी उघडली. पहिल्याच पानावर एका चुकलेल्या गुणाकारापाशी त्यांचं बोट थांबलं. पुढचा आकडा वाचायचा धीर होईना.