मास्तरांचा उघडणारा पूल

थापा मारणाऱ्या माणसाला एकच शिक्षा पुरते. ज्या गावच्या थापा मारल्या, त्या गावात त्याला नेऊन उभं करायचं. शिंपी मास्तरांवर ही वेळ मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता, परक्या शहरातल्या हॉटेलच्या दारात आली.

मास्तर ऐन तारुण्यात तीन वर्षं या शहरात एका शिवणकामाच्या कारखान्यात होते. त्यानंतरची तीस वर्षं गावात दुकान चालवताना त्यांनी कपडे जितके शिवले, तितकंच हे शहर शिवलं. नदीवरचा पूल मधोमध उघडतो आणि त्यातून जहाज जातं. चौकातल्या घड्याळातून बाराच्या ठोक्याला लाकडी बाहुल्या बाहेर येऊन नाचतात. राजवाड्याला शंभर खिडक्या आणि प्रत्येक खिडकीला वेगळा पडदा. गिऱ्हाईक माप द्यायला हात वर करून उभं राहिलं की मास्तर टेप लावता लावता पूल उघडायचे, आणि तो पूल पुन्हा मिटेपर्यंत बिचाऱ्याला हात खाली घ्यायची सोय नसायची.

‘माणसानं जग पाहिलंय’ एवढ्या एका गोष्टीवर भाळून शाळेतल्या हेडक्लार्कनी आपली मुलगी मास्तरांच्या मुलाला दिली. म्हणजे सून घरात आली ती त्या पुलावरून. आणि मास्तरांनी तो पूल कधी पाहिलाच नव्हता. घड्याळ नाही, राजवाडा नाही, काहीच नाही.

आता मुलानं आणि सुनेनं हौसेनं या सहलीची तिकिटं काढून दिली होती. मास्तर, व्याही आणि मास्तरांचा बालमित्र, निवृत्त पोस्टमन, असे तिघं आले होते. आज सहलीचा मोकळा दिवस होता. ज्यांना हवं त्यांनी कंपनीच्या माणसाबरोबर शहर बघायचं होतं. व्याह्यांनी त्याला परस्पर वाटेला लावलं.

“घरचा वाटाड्या असताना परका कशाला?” असं म्हणून त्यांनी खिशातून वही काढली. साखरपुड्याच्या दिवशी मास्तरांनी सांगितलेली सगळी ठिकाणं त्यांनी तेव्हाच टिपून ठेवली होती, अनुक्रमांक घालून. हेडक्लार्क माणूस निवृत्त होतो, त्याची वही होत नाही.

“क्रमांक एक, पूल,” व्याही म्हणाले. “चला मास्तर, तुम्ही पुढे.”

मास्तर पुढे निघाले. कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. उतार दिसेल तिकडे नदी असणार, या हिशेबानं ते उतरत गेले आणि नशीब असं की नदी निघाली. पूलही निघाला. चांगला दगडी, सहा कमानींचा, ढिम्म. त्यावरून बस चालली होती.

“हा उघडतो?” व्याह्यांनी विचारलं.

“उघडायचा,” मास्तर म्हणाले. “आता बंद केलाय. रहदारी किती वाढलीय बघताय ना!”

“दगड उघडायचे?”

“अहो, तेव्हाचे कारागीर काय सांगू तुम्हाला!”

पोस्टमन कठड्यावर वाकून कमानींकडे फार वेळ बघत राहिला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मास्तरांना वाटलं, आता हा बोलणार. पण तो म्हणाला, “पाणी मात्र छान आहे रे.” व्याह्यांनी वहीत लिहिलं, ‘पूल. सध्या बंद.’

घड्याळ सापडायला दोन तास गेले, कारण रस्ता विचारायची जबाबदारी मास्तरांची. तीन वर्षांत त्यांना इथल्या भाषेतले मोजून दहा-बारा शब्द आले होते, ते सगळे कारखान्यातले. त्यात व्याह्यांना अचानक स्वच्छतागृहाची निकड लागली. चौकात एक पोलीस उभा होता. मास्तर त्याच्यापुढे ताठ उभे राहिले आणि जे येत होतं ते सगळं एका दमात म्हणून टाकलं. त्याचा अर्थ असा होता: “लवकर. बाही आखूड. पुन्हा उसव.”

पोलिसानं आधी मास्तरांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बाहीकडे. बाही खरंच आखूड होती. तो बिचारा वरमला आणि हात पाठीमागे घेऊन उभा राहिला.

“काय म्हणतो?” व्याह्यांनी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत विचारलं.

“सांगायला लाजतोय,” मास्तर म्हणाले, आणि हे मात्र दिवसभरातलं पहिलं खरं वाक्य होतं. शेवटी पोस्टमननं पोटावर हात ठेवून तोंड वेडंवाकडं केलं, तेव्हा पोलिसानं चटकन बोट दाखवलं.

बाराला पाच कमी असताना तिघं घड्याळाखाली उभे राहिले. माना वर करून. बारा वाजले, ठोके पडले, एक कबूतर उडालं. बाहुली एकही आली नाही.

“बाहुल्या?” व्याही म्हणाले.

“आज सुट्टी असेल.”

“बाहुल्यांना?”

“इकडे सगळ्यांना सुट्टी मिळते, व्याहीबुवा. आपल्यासारखं नाही.”

व्याह्यांनी हेही लिहून घेतलं, पण पेन जरा थांबून मग चाललं. मास्तरांच्या पाठीवरून घामाचा ओघळ उतरला. राजवाड्याच्या खिडक्या व्याही मोजणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आणि मोजल्यावर गावी गेल्यावर सुनेला सांगणार. सून भली, ती काही बोलणार नाही. नुसती पदराआड हसेल. ते हसू सोसून आपण त्या घरात रोज ताटावर कसं बसायचं, हे मास्तरांना कळेना.

त्यांनी पाय दुखतात म्हणून पाहिलं. ऊन लागतंय म्हणून पाहिलं. तेवढ्यात पोस्टमन म्हणाला, “राजवाडा राहू दे. मला तुझा कारखाना बघायचाय.”

“तो कुठला आता असायला! आणि रस्ता मला आठवत नाही.”

“मला आठवतो ना. तीन वर्षं तुझी पत्रं काकूंना, तुझ्या आईला, मीच आणून दिली. पाकिटामागे पत्ता असायचा.” आणि त्यानं गल्लीच्या नावासकट, घरनंबरासकट पत्ता धडाधडा म्हणून दाखवला. पोस्टमनच्या जातीला बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण पत्ता मरेपर्यंत विसरत नाही. त्यानं तो कागदावर उतरवला, एका दुकानदारापुढे धरला, पुढे दुसऱ्यापुढे धरला आणि अर्ध्या तासात गल्लीच्या तोंडाशी आणून उभं केलं. मास्तर मागून येत होते, खाटकाकडे नेलेल्या बोकडासारखे.

गल्लीतली इमारत होती तशीच होती. कारखाना तळघरात. रस्त्याच्या पातळीला एक बुटकी, गज लावलेली खिडकी, आणि आत आता मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. व्याही ओणवे होऊन आत डोकावले.

“इथे? यात माणसं बसायची?”

मास्तरांकडे खोटं तयार होतं. ‘हे गोदाम, कारखाना वर’ एवढं म्हटलं की भागलं असतं. पण त्या गजांकडे बघितल्यावर त्यांना आपला बसायचा कोपरा दिसला, दिव्याखालचा.

“बावीस जण बसायचो,” ते म्हणाले. “मी काजं करायचो. दिवसाला दीडशे काजं. सकाळी अंधारात यायचं, अंधार पडल्यावर जायचं, सुट्टीच्या दिवशी मेल्यासारखं झोपायचं. मान वर केली की या खिडकीतून जाणाऱ्यांचे बूट दिसायचे. व्याहीबुवा, मी हे शहर घोट्यापर्यंतच पाहिलंय. पूल नाही, घड्याळ नाही, काही नाही. तुमची फसवणूक केली मी.”

व्याह्यांनी वही उघडली, मिटली.

“मग ही यादी आली कुठून?”

“परत आलो त्या दिवशी आईनं सगळ्या आळीसमोर विचारलं, पूल उघडतो तेव्हा भीती वाटायची का रे? मला कळेना, कुठला पूल! पण तिचं तोंड एवढं फुललं होतं... मी म्हटलं, पहिल्यांदा वाटायची. मग तिनं बाहुल्यांचं विचारलं. मी हो हो म्हणत गेलो. तिनं हे कुठून आणलं, देव जाणे.”

“माझ्याकडून,” पोस्टमन म्हणाला.

तो खिडकीशेजारच्या पायरीवर टेकला होता आणि टोपी हातात फिरवत होता. “काकूंना वाचता येत नव्हतं. पत्र मी वाचून दाखवायचो. आणि तू लिहायचास काय? मी खुशाल आहे, काम बरं आहे, काळजी करू नको, नमस्कार. चार ओळी! काकू धुतलेलं लुगडं नेसून दारात बसायच्या रे महिनाभर वाट बघून. चार ओळी वाचून मी उठायचो कसा? मग एकदा मी पूल घातला. पुढच्या महिन्यात बाहुल्या. राजवाडा त्यांनीच मागितला, तिथे राजा नाही का म्हणाल्या.”

“म्हणजे तीस वर्षं मी तुझ्या थापा मारत होतो?”

“आणि मी तीस वर्षं पहिल्यांदा ऐकतोय अशा तोंडानं ऐकत होतो. तुला काय, नुसतं सांगायचं होतं!”

“नालायका, मग आज सकाळपासून माझी वरात का काढू दिलीस?”

“मला बघायचं होतं,” पोस्टमन म्हणाला. “म्हटलं, काकूंना जे सांगितलं, त्यातलं एखादं तरी खरं निघतं का.”

व्याही खाकरले. “मास्तर, मी मुलीला सांगून ठेवलंय की माझ्या सल्ल्याशिवाय हेडमास्तर सही करत नसत.” मग वहीकडे बघत म्हणाले, “चौदा वर्षांत त्यांनी मला कधी बसा म्हटलं नाही.” आणि त्यांनी वहीतलं पान फाडून, चौघडी करून, स्वतःच्याच खिशात ठेवलं.

मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. “आईला शेवटपर्यंत खरं वाटलं ना रे?” त्यांनी विचारलं.

पोस्टमननं टोपी गुडघ्यावर ठेवली.

“दुसऱ्या वर्षी एकदा त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. उलटासुलटा करून बघितला. म्हणाल्या, ओळी चारच दिसतात, आणि तुला वाचायला अर्धा तास कसा लागतो? मग म्हणाल्या, चारच ओळी लिहिणारा पोरगा तिकडे सुखात नाही, एवढं मला वाचता येतं. तू पुलाचं वाच. उद्या तो परत येईल तेव्हा लोक विचारतील, काय बघून आलास? त्याला सांगायला काहीतरी असू दे.”

मास्तर त्या बुटक्या खिडकीपाशी फुटपाथवर बसले. शेजारून माणसं चालली होती, त्यांचे बूट नाकासमोरून जात होते. आई गेली तेव्हा दुकान, पाहुणे, विधी या गडबडीत ते नीट रडले नव्हते. आता रडले, चांगले मोठ्यानं, आणि समोर व्याही उभे आहेत याची त्यांना अजिबात लाज वाटली नाही.