शकूरभाईंच्या हातचा घास

मानोऱ्याजवळच्या आमच्या गावाहून मी निघालो तेव्हा बंडी बापानेच जुंपली. कारंज्यापर्यंत बंडी, तिथून छोटी रेल्वे, मूर्तिजापुरास गाडी बदलून पुढे नागपूर. अख्ख्या वाटेत बाप बैलांशी बोलला, माझ्याशी नाही. कारंज्याच्या टेशनावर एवढंच म्हणाला, "पोटाले मारू नोको. अन् बिमार पडला त सांगावा धाड." आम्ही तिघे भाऊ, जमीन दोघांपुरती. मी मधला, म्हणून मी गेलो. बंडी वळवून तो निघाला आणि मागे पाहिलंही नाही. मला त्याचा फार राग आला होता. आता मला पोरं आहेत, तो राग गेला.

गावात राहिलात त्या तुम्हा सगळ्यांना आणि माझ्यासारखे पोटामागे बाहेर पडलात त्यांनाही हे लिहितो आहे. तुम्ही दोन्हीकडचे मला एकच विचारता, तिकडे तुझं आहे कोण?

नागपुरात मिलच्या सूतखात्यात लागलो. भोंगा झाला की पोटात कावळे ओरडत, आणि खोलीवर चूल पेटवायला बाईमाणूस नव्हतं. मिलच्या मागच्या गल्लीत शकूरभाईंचं कबाबाचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे, एक लांब सिगडी आणि दोन बाकं. पहिल्या दिवशी मी नुसताच लांब उभा राहिलो. आमच्या घरी मटण कधी चुलीवर चढलं नाही. गोठ्याजवळ तीन दगड मांडून ते पुरुषांनी शिजवायचं, त्याची भांडी वेगळी, आणि खाऊन आंघोळ केल्याशिवाय आई देवघराकडे फिरकू द्यायची नाही. इथे भर रस्त्यात लोक मांडीला मांडी लावून सळईवरचं मांस खात होते.

शकूरभाईंनी पंख्याने निखारे फुलवत विचारलं, "काहून उभा हाय रे? भूक लागली नाई काय?"

ते शब्द ऐकले आणि मी बसलोच. माणूस वाशीमचा निघाला. नागपुरात येऊन त्यांची निम्मी हयात गेली होती, पण बोली जशीच्या तशी. त्यांनी जर्मनच्या ताटलीत दोन सीख आणि रोटी ठेवली. मी बिचकत खाल्लं. गावाकडची चव त्यात नव्हती, पण विचारणारं माणूस होतं. मग मी रोजचाच झालो.

काही वर्षांनी बाप गेल्याचा सांगावा आला. मी पोचलो तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती.

आमच्या भाऊबंदकीत एक रीत आहे. बाप गेला की मुलांनी मटण सोडायचं. तेरवी झाली तरी आपल्या हाताने सुरू करायचं नाही. भाऊबंदांनी बकरं कापायचं, मुलांना ओळीने बसवायचं आणि वडीलधाऱ्याने पहिला घास तोंडात घालायचा. तेव्हा दुखवटा सुटतो. आम्ही तिघे बसलो. काकांनी मोठ्याला घास दिला, मला ओलांडलं आणि धाकट्याला दिला.

मला वाटलं, विसरले. मी म्हटलं, "काका, मी राह्यलो."

"तू तिकडं नागपुरात मुसलमानाच्या दुकानात बसून खातं मने. आपल्याच गावच्या मानसानं पाह्यलं. मंग तुह्या तोंडात मी घास कसा देऊ?"

भाऊ खाली मान घालून बसले. आई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मी उठून हात धुतले. काका तेव्हा घरातले थोर होते आणि थोरांचं तोंड कोण धरणार? पण जे झालं त्याचा अर्थ मला कळला होता. या ओळीत तिघेच बसू शकत होते, बापाची तीन मुलं, आणि मला त्यातून काढलं होतं.

नागपुरात परत आलो. मटण खाल्लं असतं तर विचारणारं कोणी नव्हतं. पण बापाचा दुखवटा आपणच आपला कसा सोडणार? मी शकूरभाईंकडे जायचो, डाळ-रोटी खायचो, उठायचो. पावसाळा गेला, थंडी पडली.

एकदा त्यांनी ताटली माझ्यापुढे ठेवली आणि सोडलीच नाही. "किसन, काय झालं ते सांग. बाप मेल्यापासून तू सीखले हात लावून नाई राह्यला. माह्या हाताले काई झालं काय?"

मी सांगितलं. सगळं, काकांच्या शब्दांसकट. ऐकून ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातला पंखा खाली ठेवला.

"म्हंजे माह्यामुळं झालं हे."

"तुमच्यामुळं नाई, शकूरभाई."

त्यांनी हात धुतले, खांद्यावरच्या फडक्याला पुसले. सळईवरून एक तुकडा काढला, रोटीत धरला. "माह्या हातचा चालन काय? तुह्या बापाले चालन काय?"

मी होकाराची मान हलवली.

"नाव काय होतं त्याचं?"

"सखाराम."

"सखारामबुवाच्या नावानं घे, बाबू."

बाकावरचे लोक खायचे थांबले होते. मी घास घेतला आणि तिथेच, धुरात, लहान पोरासारखा रडलो. बापाला जळताना पाहिलं नव्हतं, त्याचं रडू आत तसंच राहिलं होतं. शकूरभाई म्हणाले, "आता चावून खा. ठसका लागन."

पुढे माझं लग्न झालं, बिऱ्हाड झालं. गावीही जातो. काका आता थकले आहेत, मी त्यांच्या पाया पडतो. भाऊ जीव लावतात. पण ओसरीवर पाहुण्यासारखा बसतो, आणि पाहुण्यासारखाच निघतो. याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू?

गेल्या उन्हाळ्यात शकूरभाई गेले. त्यांच्यात मयतीच्या घरी चूल पेटवत नाहीत, जेवण आपल्या माणसांकडून येतं. माझ्या बायकोने भाकरी थापल्या, पिठलं केलं. टोपली डोक्यावर घेऊन मी त्यांच्या दाराशी गेलो. दारात त्यांचे नातेवाईक बसले होते. त्यातल्या एकाने विचारलं, "हे कोनाकडून आलं?"

आतून शकूरभाईंची बायको म्हणाली, "येऊ द्या त्याले. घरून आलं."