रोडग्यांची परीक्षा

वलगावच्या शेतात आमच्या रोडग्यांवर बादलीभर पाणी पडलं, ते कंपनीच्या नियमाप्रमाणेच.

मी नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात आहे. पूर्वी आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे आवारात आग पेटवायची, विझवायची आणि चहा प्यायचा. आता सगळं मोबाइलवर, तेही सुट्टीच्या दिवशी, म्हणजे कामाचं नुकसान नको. (माझ्या सुट्टीचं झालं तरी चालतं.) अग्निसुरक्षेची ऑनलाइन परीक्षा पास झाले तरच मला शिफ्टची इन्चार्ज करणार होते. आणि परीक्षा नेमकी त्याच रविवारी, ज्या रविवारी सासूबाईंच्या नवसाच्या रोडग्यांची पंगत होती! मी यादी करून जगणारी बाई. दोन्ही कामं आगीचीच, म्हणून एकाच ओळीत लिहिली.

गोवऱ्यांचा आर फुललेला, त्यात कणकेचे रोडगे भाजत होते आणि त्यांच्याकडे पाठ करून मी मोबाइलसमोर बसले. कॅमेऱ्यासमोरून चेहरा हलला की नापास, हा पहिला नियम.

जरा वेळाने देखरेख करणारे पुण्याचे सर स्क्रीनवर उगवले. "मॅडम, तुमच्या मागे आग लागलीय."

"लागली नाही, लावलीय. रोडगे आहेत."

"कोण रोडगे?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "त्याले म्हणा, जेवाले ये. मंग समजते."

सर काही जेवायला येणारे नव्हते. आग विझल्याशिवाय परीक्षा पुढे जाणार नाही, असं त्यांनी मोठ्या आवाजात बजावलं. ते ऐकलं माझ्या धाकट्या दिराने. प्रमोदभाऊजी फार आज्ञाधारक, विशेषतः परक्या माणसाच्या बाबतीत. ते बादली घेऊन येताना मला स्क्रीनच्या कोपऱ्यात, माझ्याच खांद्यामागे दिसले. उठून अडवावं तर नापास!

मान ताठ ठेवून मी म्हटलं, "भाऊजी, ओतू नका."

"वयनी, साहेब म्हणून राह्यले ना!"

आणि ओतलं. राख उडाली, धुराचा लोट उठला, सगळं गणगोत खोकत बांधापलीकडे पळालं. मी जागची हलले नाही. तेवढ्यात पुढचा प्रश्न आला : धूर झाल्यास प्रथम काय कराल? त्याच धुरात बसून, डोळे पुसत, मी उत्तर निवडलं : 'ताबडतोब जागा सोडावी.' बरोबर आलं.

पास झाले. पंगतीला वांग्याच्या भाजीबरोबर भात वाढला आणि पाहुण्यांनी माझ्याकडे बघत तो गिळला.

आता मी इन्चार्ज आहे. माझ्या शिफ्टचं प्रशिक्षण शिफ्टमध्येच होतं, रविवारी होत नाही. वरून फोन आला की मी सांगते, रविवारी आमच्याकडे आग लागलेली असते.

यंदा पुन्हा रोडगे झाले. आर पेटवण्याआधी सासूबाईंनी माझा मोबाइल काढून घेतला, घरातली एकुलती एक बादली पालथी घातली आणि मला तिच्यावर बसवलं.

"हालू नोको इथून."

मी हलले नाही. त्याचं तर माझ्याकडे प्रमाणपत्र आहे.