आता हा पडला तर?

समोर धडधाकट उभा असलेला माणूस पुढच्या क्षणी जमिनीवर कोसळणार आहे, अशी पक्की खात्री बाळगून जगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. गडचिरोलीच्या पलीकडे जंगलातल्या एका सरकारी रुग्णालयात ते तातडीच्या विभागाचे डॉक्टर होते. चंद्रपूरला आमच्याकडे आले की पाणी पिण्याआधी घरातल्या प्रत्येकाकडे एकदा निरखून पाहायचे. आपली तब्येत बरी असल्याबद्दल अपराधी वाटावं, अशी ती नजर होती. चहाच्या टपरीवर बसले की चहावाल्याकडे बोट दाखवून मला विचारायचे, "साडूभाऊ, समजा हा आता पडला. काय कराल?" मी गडबडायचो. चहावाला मात्र सरावला होता. म्हणायचा, "डॉक्टरसाहेब, पहिले चहाचे पैसे द्या, मंग पाडा मले." एका लग्नात त्यांनी भर पंगतीत शेजारच्या व्याह्यांवर हाच प्रश्न टाकला. व्याही जिलेबी अर्धी टाकून उठले ते नवरी सासरी गेली तरी परतले नाहीत.

त्यांच्याजवळ एक पोतं होतं. धानाचा कोंडा भरलेलं, जुनं बनियान घातलेलं, वर गाडग्याचं डोकं. त्याला ते 'पेशंट' म्हणत. बंद पडलेली छाती दाबून सुरू कशी करायची, हे या पेशंटवर शिकवायचं. एस.टी.तून ते घेऊन चालले की कंडक्टर विचारायचा, "साहेब, याचं फुल का हाफ?" साडू गंभीरपणे उत्तर द्यायचे, "श्वास सुरू झाला तं फुल." रुग्णालयात जरा उसंत मिळाली की सिस्टर, ड्रायव्हर, झाडूवाली बाई, सगळ्यांना त्या पोत्याभोवती गुडघ्यांवर बसवायचे आणि ओरडायचे, "दाबा! आणखी जोरात! बरगडी मोडली तं मोडू द्या. मेलेल्याले बरगडीचं काय लोणचं घालायचं हाय?"

कोणी म्हणेल, सरकारने रुग्णालयाला शिकवण्यासाठी काही दिलं नव्हतं का? दिलं होतं. छान रबरी पुतळा दिला होता. त्याचं उद्घाटन झालं, त्याला हार घातला गेला आणि मग त्याला काचेच्या कपाटात कुलूपबंद करून ठेवलं. अंगावरचं प्लास्टिक आजही निघालेलं नाही. पुतळ्याला हात लावला आणि तो बिघडला तर जबाबदार कोण, हा प्रश्न सुटेपर्यंत माणसांनी मरण पुढे ढकलावं, अशी अपेक्षा असावी.

आपल्याकडे ज्ञान असं कुठेही मिळत नाही. त्याला व्यासपीठ लागतं, मागे फलक लागतो, शाल आणि नारळ लागतो. डॉक्टरांना नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर मान्यताप्राप्त प्रशिक्षणांना बसल्याची प्रमाणपत्रं लागतात. साडूंनी वर्षानुवर्षं कोंड्याच्या पोत्यावर जे शिकवलं, त्याला मान्यता नव्हती, कारण तिथे प्रमुख पाहुणे नव्हते. ते प्रशिक्षणं टाळत राहिले. "मी तिथी जाऊन इमर्जन्सी शिकतो, अन् इथी इमर्जन्सी आली तं?" असं विचारायचे. नूतनीकरणाची मुदत मात्र जवळ आली आणि शेवटी ते नागपूरच्या एका हॉटेलात जाऊन बसले. फोन दारातच जमा करून घेतले होते. 'पहिल्या तासाचं महत्त्व' असा विषय होता. पहिला तास सत्कारात गेला.

त्याच दुपारी त्यांच्या रुग्णालयात एका तरुण बाईला बैलगाडीतून आणलं. धानाच्या रोवणीला गेली असता शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नाग चावलेला. पापण्या मिटत चाललेल्या, श्वास अडकत चाललेला. साडूंच्या बदली आलेले डॉक्टर शिबिराला गेलेले. तिथल्या सिस्टरने साडूंना फोन लावला, तो बंद. मग तिने साडूंनी शिकवलं होतं तेच केलं. विषावरचं इंजेक्शन सुरू केलं, तोंडावर श्वासाची पिशवी धरली आणि ते बदलीचे डॉक्टर येईपर्यंत ड्रायव्हरसोबत आळीपाळीने ती दाबत राहिली. बाई जगली. बाई मेली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. जगली म्हणून चौकशी लागली: डॉक्टरच्या आदेशाशिवाय सिस्टरने इंजेक्शन दिलंच कसं? नोकरी जाण्याची वेळ आली.

पुढचं मला त्या सिस्टरनेच सांगितलं. चौकशीला आलेल्या साहेबांनी तिला दरडावून विचारलं, "कोणाच्या आदेशावरून दिलं?" ती तोंड उघडणार, तोच साडू दारातून आत येत म्हणाले, "माझ्या. फोनवर सांगितलं मी."

"तुम्ही तर प्रशिक्षणात होते, डॉक्टर. फोन तिथी दारात जमा होते."

"मी आत बसलोच नाई. फोन घेऊन बाहेर चहा पीत होतो."

साहेबांनी चष्मा काढला. "मंग गैरहजर म्हणून लिहू? प्रमाणपत्र जाईल. नूतनीकरण अडकेल. विचार करून बोला."

"लिहा," साडू म्हणाले, "अन् या सिस्टरले सोडा. तिकडे वॉर्डात कोणी नाई."

ते दिवसभर नागपूरच्या त्या सभागृहात पहिल्या रांगेत बसले होते, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी चष्मा लावला आणि 'गैरहजर' लिहिलं. सिस्टरची नोकरी वाचली. साडूंचं नूतनीकरण अडकलं ते अडकलंच, आणि नोंदणी नसलेल्या डॉक्टरला पेशंटला हात लावता येत नाही. मग सरकारने त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षण विभागात बसवलं. प्रशिक्षणाला गैरहजर राहणाऱ्या माणसासाठी याहून योग्य जागा सापडली नसावी. आता ते फलक छापून घेतात, नारळ मागवतात, फोन जमा करून घेतात. तिथेही एक काचेचं कपाट आहे, त्यात एक रबरी पुतळा आहे, आणि त्याची किल्ली तिथल्या साहेबांकडे असते.

गेल्या महिन्यात आम्ही दोघे मार्कंड्याला गेलो होतो. देवळं पाहून झाली. वैनगंगेच्या काठाजवळ एका भजेवाल्यापाशी बसलो. भजेवाला चांगला गलेलठ्ठ, घामाघूम, धापा टाकत झारा फिरवणारा. मी वाट पाहत होतो. साडूंनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. कागदावरचं तेल बोटाने पुसत बसले होते. इतकी वर्षं त्या प्रश्नाचा मला वैताग यायचा. आता तो प्रश्नच येत नव्हता, तर माझी भजी कागदावरच निवत होती.

शेवटी मीच हळू आवाजात म्हटलं, "साडूभाऊ, समजा हा आता पडला, तं?"

त्यांनी हातातलं भजं खाली ठेवलं, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि भजेवाल्याच्या छातीकडे टक लावून म्हणाले, "पहिले तं तुम्ही ती कढई बाजूले घ्या."